उद्याची तयारी

डॉक्टरीणबाईंनी डबी उघडली, आत पाहिलं आणि खुर्चीत आ वासून पडलेल्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "मिटा जरा तोंड." मग लॅबमधून कवळी बनवून आणणाऱ्या त्याच्याकडे वळल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "काका, ही बाईमाणसाची कवळी आहे हो." होती खरी. लहान, अरुंद, पुढचे दात जरासे गोलसर. त्यानं स्वतःच गेल्या आठवड्यात ते एकेक करून मेणात बसवले होते. म्हाताऱ्याची रुंद, डावीकडे किंचित झुकलेली कवळी घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राखाली राहिली होती. "घाईत उचलली गेली," तो म्हणाला. "होतं असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इथं थांबल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण तीस वर्षांच्या माणसाला अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला काहीतरी शिकवल्याशिवाय राहवत नाही. "काका, आदल्या संध्याकाळीच बॅग भरून ठेवत जा ना. मी तर कपडेसुद्धा काढून ठेवते. पंधरा मिनिटांचं काम, पण सकाळ कशी सोपी होऊन जाते!" हे तिनं गोड हसून सांगितलं, आणि तेच जास्त झोंबलं. म्हातारा बिनदाताचं हसला. त्याच्या हिरड्यांचा प्रत्येक उंचवटा तो बोटांनी ओळखत होता, ते तोंड त्यानं प्लास्टरमध्ये ओतून आठवडाभर टेबलावर ठेवलं होतं, आणि आता तेच तोंड त्याला हसत होतं.

रस्त्यावर आल्यावर त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. ही पोरगी जन्मायच्या आधीपासून तो कवळ्या करत होता. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यानं बनवलेलं होतं, आणि त्याबद्दल त्याला काडीचाही आदर वाटत नव्हता. माणसाचं तोंड आतून पाहिलं की आदर उरत नाही असं त्याचं मत होतं. बाहेर भाषणं ठोकणारे, हुकूम सोडणारे लोक आतून सगळे सारखेच ओले, झिजलेले आणि लबाड. सगळ्यांना तरुणपणापेक्षा पांढरे दात हवे असतात. कुणी त्याचे आभार मानायला लॅबवर आलं की तो मशीन चालू करून कवळीला पॉलिश करत बसे, म्हणजे मग काही ऐकू येत नसे. असा माणूस आज दवाखान्यात रिकाम्या हातानं उभा राहिला होता. आणि हे पहिल्यांदा नव्हतं, हे त्याला चालता चालता एकेक करून आठवत गेलं. मंगळवारी किल्ल्या सापडल्या नव्हत्या आणि मदतनीस बाई लॅबच्या बंद दाराशी अर्धा तास उभी होती. गुरुवारी इस्त्रीचा शर्ट नव्हता. त्याआधी एकदा मोजे. त्याआधी डबा. त्या त्या वेळी त्याला वाटलं होतं की किल्ल्या हरवल्या, शर्ट चुरगळला, जणू त्या वस्तूच उनाड झाल्या होत्या. या सगळ्याच्या आधी कसं होतं, हे आठवायला तो पुलाच्या कठड्याशी थांबला. आधी बॅग भरलेली असायची. शर्ट खुर्चीच्या पाठीवर असायचा. किल्ल्या खुंटीवर असायच्या. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या ज्या त्या डबीला रबर लावून अडकवलेल्या असायच्या. इतकी वर्षं डोक्यात असलेल्या या वाक्यांना कर्ताच नव्हता. घरातला कर्ता पुरुष तो, पण या वाक्यांमध्ये कुणीच काही करत नव्हतं, सगळं आपोआप झालेलं असायचं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. पाय स्टुलावर, हात मांडीवर. ती एका तपासणी केंद्रात रक्त घ्यायचं काम करायची. उपाशीपोटी रांगेत बसलेल्या लोकांच्या शिरा शोधायच्या, बाटल्यांवर नावं चिकटवायची. पावणेसातला ती घराबाहेर पडायची आणि तो आठला उठायचा, त्यामुळे तिची सकाळ नावाची काही गोष्ट असते हे त्याला ऐकूनच ठाऊक होतं. मुलगी लग्न होऊन परगावी गेल्यापासून घरात दोघंच. तो बूट न काढताच गॅलरीच्या दाराशी उभा राहिला.

"बॅग भरली नव्हतीस."

"नाही."

"कधीपासून?"

"तीन आठवडे होतील." तिनं मान वळवली नाही. "एकदा विसरले. कामावर गेल्यावर आठवलं. दिवसभर वाटत राहिलं, आता तुमचा फोन येईल. नाही आला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, बघू या किती दिवसांनी विचारता."

"माझी परीक्षा घेत होतीस?"

"नाही हो. बसले होते. बसून बरं वाटलं."

"आज मी चुकीची कवळी घेऊन गेलो. त्या कालच्या पोरीनं मला अक्कल शिकवली."

"अरेरे," ती म्हणाली. त्यात चेष्टा नव्हती, पण कळवळाही नव्हता. सुई टोचल्यावर पेशंट ओरडला तर ती असंच म्हणत असणार.

"वीस मिनिटांचं काम ते," तो म्हणाला. "त्याचा एवढा बाऊ."

"वीस मिनिटांचंच आहे," ती म्हणाली आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्यांकडे पाहत राहिली.

त्याला तिचं हे बसणं बघवेना. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती संध्याकाळची घरभर फिरत असे. ही बाटली भर, ती पिशवी अडकव, बटण तपास, उद्याचं दूध, उद्याचे कपडे. आणि तो पलंगावर आडवा पडून तिला 'उद्याबाई' म्हणत असे. मित्र घरी आले की ओळख करून देई, "या आमच्या उद्याबाई, यांना आज कधी भेटतच नाही." मित्र हसत. तीही हसे, हातातली घडी न मोडता. त्याला खरोखरच कीव वाटायची तिची. उद्याला घाबरणारी माणसं त्याला उंदरांसारखी वाटत, दाणे साठवणारी. त्याच्या वडिलांनी कधी आदल्या दिवशी काही काढून ठेवलं नव्हतं. वडिलांची सकाळ म्हणजे स्वारीच असायची. चष्मा कुठाय, पट्टा कुठाय, माझ्या वस्तूंना हात कोण लावतं! आई, आत्या, तो आणि बहीण अशी चौघंही घरभर पळत, पलंगाखाली वाकत, आणि चष्मा सापडला की वडील तो शोधून देणाऱ्यावरच खेकसत. मग दार आपटून ते जात आणि घर एकदम खाली बसे. त्या शांततेत आई जमिनीवर पाय पसरून बसायची आणि कुणाशीही बोलायची नाही. लहानपणी त्याला वाटे, आईला बाबांची आठवण येते म्हणून ती अशी बसते.

सूड म्हणून त्यानं ते काम अंगावर घेतलं. तिला दाखवून द्यायचं होतं की जिच्यावर तिनं एवढी वर्षं मिजास केली ती गोष्ट अगदी क्षुल्लक आहे. (तिनं मिजास कधी केली, हे त्याला सांगता आलं नसतं.) ज्या बारकाईनं तो जबड्याचा ठसा प्लास्टरमध्ये उतरवी त्याच बारकाईनं त्यानं संध्याकाळचा ठसा घेतला. एका जाड कार्डावर यादी केली आणि ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. साडेआठला जेवण, पावणेनऊला भांडी, मग शर्ट, पँट, रुमाल खुर्चीवर, मोजे बुटात, किल्ल्या खुंटीवर, डब्या उघडून चिठ्ठीशी ताडून पाहायच्या, उद्याच्या दवाखान्यांच्या क्रमानं बॅगेत रचायच्या, फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, दिवा साडेनऊला बंद. पहिल्या आठवड्यात यादी त्याच्यावर हसली. एकदा मोजे ठेवले ते दोन वेगळ्या जोडांतले, एकदा डब्या इतक्या नीट ताडून पाहिल्या की बॅग भरायचीच राहिली. एका संध्याकाळी तो इस्त्री घेऊन उभा असताना बायको गॅलरीतून पाणी प्यायला आत आली, त्यानं कॉलरवर पाडलेली दुहेरी घडी तिला दिसली, तिचा हात थोडासा वर आला आणि मग ग्लासाकडे गेला. "काय?" तो म्हणाला. "काही नाही. मी पाणी घेतेय." त्याला वाटलं होतं ती न राहवून इस्त्री हिसकावून घेईल, आणि ती तशी घेईल तेव्हा काय बोलायचं हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. ते वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

तिसऱ्या आठवड्यात सगळं जुळून आलं. सकाळी हात पुढे केला की तिथं वस्तू असे. त्यानं शर्ट चढवला, बूट चढवले, बॅग उचलली आणि घड्याळात पाहिलं तर निघायला पाऊण तास होता. त्याला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. जगात याला शिस्त म्हणतात, यावर पुस्तकं निघतात, यावर लोक व्याख्यानं देतात, आणि हे असलं मोजे बुटात कोंबण्याचं काम निघालं याचा त्याला उलट रागच आला. तरी तो डॉक्टरीणबाईंकडे वेळेआधी दहा मिनिटं पोचला आणि चार डब्या क्रमानं त्यांच्या टेबलावर मांडल्या. "अरे वा, काका!" त्या म्हणाल्या. त्यानं खांदे उडवले. पण लॅबवर आल्यावर, मदतनीस बाई धापा टाकत दहा मिनिटं उशिरा आली तेव्हा, स्वतःचाच आवाज त्याच्या कानांवर आला: "आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटं काढायची. सकाळ सोपी जाते." बाईनं पर्स खुंटीला अडकवली, ॲप्रनची गाठ मारली. घरी तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले होते, हे त्याला ठाऊक होतं. "तुमच्या घरी संध्याकाळी दुसरं काही काम नसतं वाटतं," ती म्हणाली आणि प्लास्टर कालवायला लागली. उद्धट आहे, त्याला वाटलं. सल्ला ऐकून घ्यायची लायकीच नसते लोकांची.

झोप साडेनऊला लागू लागली तशी ती पहाटे पुरी होऊ लागली. एके सकाळी पावणेसहाला तो उठून स्वयंपाकघरात गेला. बायको खिडकीशी उभी होती. आंघोळ झालेली, केस ओले, हातात चहाचा कप. दिवा लावलेला नव्हता. ती इतकी दचकली की चहा बशीत सांडला. "काय झालं? बरं नाही का?" "काय व्हायचंय? झोप झाली," तो म्हणाला आणि दिवा लावून खुर्चीवर बसला. तिनं आपल्या कपातला अर्धा चहा त्याला ओतून दिला. दुसऱ्या दिवशी दोघांपुरता केला. त्याला वाटलं, ही एक नवीच गोष्ट हाती लागली. इतकी वर्षं बिचारी एकटीच चहा पिऊन जात होती, आता तिला सोबत झाली. आणि सोबत करायची म्हणजे बोलायला हवं, म्हणून तो बोलू लागला. डॉक्टर लोक ठसे किती भिकार घेतात, मदतनीस बाई किती वेंधळी, साडेनऊला झोपण्याचे फायदे, खालच्या मजल्यावरचे लोक कचरा कसा ठेवतात. ती "हं" म्हणे. मध्येच घड्याळाकडे बघे. एकदा तिनं विचारलं, "तुम्हाला अजून थोडं पडावंसं नाही वाटत?" "छे," तो म्हणाला, "मला आता सवय झाली." "हो ना," ती म्हणाली. त्याला स्वतःच्या मोठेपणाचं थोडं कौतुक वाटलं. बॅगेवरून तो तिला एक शब्दही बोलला नव्हता, वर सकाळी तासभर देत होता.

मग ती लवकर निघायला लागली. आधी साडेसहाला, मग सव्वासहाला. "रांगा वाढल्यात," तिनं सांगितलं. त्यानं उपाशीपोटी रांगा लावणाऱ्या सगळ्या जगाची निर्भर्त्सना केली. गुरुवारी ती सहा दहालाच गेली आणि तिचं कामावरचं ओळखपत्र, निळ्या फितीचं, टेबलावर राहिलं. ते पाहून त्याला जो आनंद झाला तो लाजिरवाणा होता. उद्याबाई विसरल्या! तो पायजम्यावरच, चपला सरकवून जिना उतरला. काय बोलायचं ते उतरता उतरता तयार होत होतं: आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटं काढावीत माणसानं.

बसथांब्यापर्यंत जाईतो एक बस येऊन उभी होती. आता गेली ही, असं वाटून तो धावला, पण बस सुटली आणि मागं बाक दिसू लागला, बाकावर ती. बसमध्ये चढलीच नव्हती. तिनं बुटांतून पाय बाहेर काढून ते बुटांवरच ठेवले होते. शेजारी एक छोटा थर्मास होता, घरातलाच, मुलीच्या शाळेच्या वेळचा, आणि त्याच्या झाकणातून ती चहा पीत होती. घाईनं नाही. एक घोट, मग झाकण दोन्ही हातांत धरून समोर बघणं. समोर बघण्यासारखं काही नव्हतं, बंद दुकानं होती आणि एक माणूस रस्ता झाडत होता. तिचा चेहरा त्यानं कितीतरी वर्षांत असा पाहिला नव्हता. त्या चेहऱ्यावर कुणाहीसाठी काही ठेवलेलं नव्हतं. ना समजूतदारपणा, ना "हं". रस्ता झाडणाऱ्याच्या झाडूची धूळ उन्हात वर चढत होती आणि ती त्या धुळीकडे बघून एकटीच किंचित हसली. तो विजेच्या खांबापाशी थांबला. दुसरी बस आली, तिच्याच नंबरची. ती तिच्याही दाराकडे बघत बसली आणि बस गेली. मागच्या मागं परत जावं, ओळखपत्राचं काही कळलंच नाही म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. पण अठ्ठावन्न वर्षं तो जे मनात येईल ते न तपासता करत आला होता, आणि पाय पुढे पडलेले होते.

तिनं त्याला पाहिलं. तिचा चेहरा बदलला, तो त्यानं अगदी जवळून, आपण दुसऱ्याच्या तोंडात कवळी बसताना पाहतो तसा पाहिला. गाल उचलले गेले, ओठ ठाकठीक झाले, डोळ्यांत चौकशी आली. एका क्षणात सगळं जागेवर बसलं. उत्तम काम, त्याच्या हातूनही इतकं बेमालूम झालं नसतं.

"काय झालं हो?"

"कार्ड विसरलीस."

"अगंबाई." तिनं ते घेतलं, गळ्यात घातलं, आणि झाकणातला उरलेला चहा बाकाच्या मागं मातीत ओतून दिला. बराच होता. मातीत वाफ आली.

"चहा घरीही होता की," तो म्हणाला.

"होता."

"मग?"

ती थर्मासचं झाकण फिरवून बसवत होती. ते घट्ट बसलं का, हे तिनं ओढून पाहिलं. "घरी तुम्ही असता," ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर त्याच्याकडे उत्तर होतं. रागाला उत्तरं त्याच्याकडे नेहमीच तयार असत. पण 'तुमची शीर सापडत नाही, दुसरा हात द्या' असं पेशंटला सांगावं तसं ती म्हणाली. मग तिला वाटलं असावं की एवढंच सोडून देणं बरं नाही. "सकाळचा तेवढा एक तास असायचा माझा. नंतर दिवसभर माणसंच असतात ना. संध्याकाळी तुम्ही. मग तिथून सगळं..." तिनं हात हवेत फिरवला. "तुमची काही चूक नाही. तुम्ही किती नीट करता हल्ली सगळं."

"म्हणून गॅलरीत बसतेस?"

"गॅलरीत तुमची इस्त्री ऐकू येते," ती म्हणाली आणि खरोखरच थोडी हसली. तिसरी बस आली तेव्हा ती उठली, पाय बुटांत सरकवले आणि चढली. खिडकीतून तिनं हात केला. त्यानं केला नाही. पायजम्यावर उभं राहून हात करायचा म्हणजे काहीतरीच.

त्या दिवशी लॅबमध्ये त्याच्या हातून दोनदा मेण जळलं. सगळ्यांचा राग यायचा प्रयत्न त्यानं करून पाहिला. बसथांब्यावर चहा पिणाऱ्या बायकांचा, थर्मास बनवणाऱ्यांचा, डॉक्टरीणबाईंचा, जिनं हे सगळं सुरू केलं. तिरस्कार हे त्याच्या हातातलं सगळ्यात जुनं अवजार, दरवेळी मुठीत बरोबर बसणारं. आज ते घसरत होतं. आई आठवत होती, दार आपटल्यानंतर जमिनीवर पाय पसरून बसलेली. ती कुणाची आठवण काढत नव्हती. बाबा एकदाचे गेले, म्हणून ती बसत होती. पन्नास वर्षं त्यानं त्या बसण्याचा अर्थ चुकीचा लावून ठेवला होता, आणि तो चुकीचा अर्थ घेऊन एक अख्खं लग्न केलं होतं. "तब्येत बरी नाही का?" मदतनीस बाईनं विचारलं. "तू उद्यापासून अर्धा तास उशिरा आलीस तरी चालेल," तो म्हणाला. ती त्याच्याकडे संशयानं पाहत राहिली. चांगुलपणा त्याच्या तोंडी शोभत नाही हे तिच्या नजरेत स्वच्छ दिसत होतं, आणि त्याला ते पटलं.

संध्याकाळी त्यानं यादीप्रमाणे सगळं केलं. शर्टाला इस्त्री मात्र लॅबवरूनच करून आणली होती, प्लास्टर वाळवायच्या टेबलावर, बाईच्या घरची इस्त्री मागवून घेऊन. गॅलरीचं दार त्यानं आतून हळूच ओढून घेतलं. तिनं मागं पाहिलं नाही.

सकाळी साडेपाचला ती उठली तेव्हा तो टक्क जागा होता. अंथरूण हललं, कडी वाजली, पाण्याचा आवाज आला आणि थांबला. मग पावलं स्वयंपाकघराकडे न जाता खोलीच्या दाराशी आली. त्यानं डोळे मिटून घेतले. झोपलेला माणूस श्वास कसा घेतो हे त्याला ठाऊक नव्हतं. स्वतःला झोपलेलं कुणी पाहिलेलं असतं? त्यानं अंदाजानं लांब श्वास घेतला, सोडताना थोडं घोरला, आणि ते घोरणं इतकं खोटं निघालं की त्याला स्वतःची किळस आली. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा पांघरुणात ढोंग करतोय. इतकं हास्यास्पद तोंड त्यानं आजवर कुणाचं पाहिलं नव्हतं. ती दारात उभीच होती. मग पावलं गेली. गॅसचा आवाज आला, थोड्या वेळानं खुर्ची ओढल्याचा आवाज. मग काहीच नाही, बराच वेळ काहीच नाही. त्या दिवशी ती पावणेसातला निघाली.

असे दहा-बारा दिवस गेले. पाठीला रग लागे, एकदा पायात गोळा आला तेव्हा त्यानं उशी चावून धरली. तो जागा आहे हे तिला कळत नसेल असं मानण्याइतका तो मूर्ख नव्हता. दिवसभर दंडाला पट्टा बांधून, मान फिरवून, "मी नाही घाबरत" म्हणणारी माणसं ती पाहत होती. पण संध्याकाळी जेवताना दोघं खालच्या मजल्यावरच्यांच्या कचऱ्याविषयी बोलले. एका सकाळी निघताना ती पर्स खांद्याला लावून पुन्हा खोलीच्या दाराशी आली. बाहेर उजाडलं होतं, ते त्याला पापण्यांतून लाल दिसत होतं. "जाते हं," ती अगदी हळू म्हणाली. त्याच्या घशाशी शब्द आला. झोपलेला माणूस बोलत नाही. त्यानं एक लांब श्वास घेतला आणि तो सोडायच्या आधी, दार लागेपर्यंत, छातीत धरून ठेवला.